इंधनाधिक मिश्रणाचे निदान

संगणकनियंत्रित पेट्रोल इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडत असल्यास त्याचे कारण शोधण्याची पद्धत. गोव्यातील गॅरेजांत ‘गाडी रिच चालते’ असे म्हणतात. काळा धूर, काजळलेले प्लग, घटलेले अ‍ॅव्हरेज ही लक्षणे सर्वपरिचित आहेत. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला सुमारे 13.5 पट पुरते.

इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणीचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काहीजण 1957 च्या सुमाराच्या अमेरिकेतील बेंडिक्स इलेक्ट्रोजेक्टरला हा मान देतात. पण ती प्रणाली मोजक्याच मोटारींवर बसली. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन पाहता बॉशची 1967 मधील डी-जेट्रॉनिक अधिक ग्राह्य वाटते. निदानाच्या दृष्टीने मात्र 1976 च्या सुमारास व्होल्वो मोटारींत आलेला लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्ट पाइपमधील ऑक्सिजन सेन्सर) अधिक महत्त्वाचा, कारण इंजिन आपली चूक धुरावरून ओळखू लागले ते तेव्हापासून.

हा झिर्कोनियाचा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातील ऑक्सिजन ओळखतो. त्याचा व्होल्टेज साधारण 0.45 व्होल्टच्या वर असेल तर मिश्रण रिच, खाली असेल तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. ठिणगी चुकली की न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सर ‘लीन’ सांगतो आणि संगणक आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, एक्झॉस्ट पाइप फुटला तरी हेच घडते. म्हणून पी0172 हा ‘मिश्रण रिच’ सांगणारा दोषाचा कोड दिसताच सेन्सर बदलणे चूक आहे. आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ वा घट केली तो आकडा, पाहावा. तो उणे 10 टक्क्यांपलीकडे असेल तर संगणक पेट्रोल कापतो आहे : गळका इंजेक्टर, वाढलेला इंधनदाब किंवा उघडी अडकलेली पर्ज झडप (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी) तपासावी. धूर काळा असून ट्रिम शून्याच्या वर (अधिक चिन्हाचा) असेल, तर सेन्सर फसतो आहे. एअर फिल्टर तुंबल्याने गाडी रिच होते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली.

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरकडे विशेष लक्ष द्यावे. कूलंट तापमानाच्या सेन्सरचा विद्युत रोध थंडीत वाढतो. त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढून रोध वाढला, की संगणक इंजिन थंड समजून पेट्रोल वाढवतो. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळपास सारखी असावीत. पणजीत पहाटेही सहसा 15 अंशांखाली पारा जात नाही. तेथे स्कॅनरवर कूलंट 4 अंश दिसले, तर प्रथम तो कनेक्टर उघडावा.

दुरुस्तीनंतर डिपस्टिक हुंगावी. ऑइलला पेट्रोलचा वास असल्यास ते बदलावे. नाहीतर त्यातील वाफ पीसीव्ही झडपेतून (क्रँककेसमधील वायू पुन्हा इंजिनात ओढणाऱ्या) इंजिनात येत राहते आणि दोष गेला तरी ट्रिम उणेच दिसतो.