पान चिकट लागतंय? आधी कीड ओळखा, मग फवारा

‘झाडाला कीड लागलीय, काहीतरी औषध द्या,’ असं दुकानात येऊन कुणी म्हटलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पान उलटून पाहिलंत का? रस शोषणाऱ्या किडी बहुधा पानाच्या मागे, शिरांलगत किंवा देठाच्या बेचक्यात दडून असतात. उजेड आणि साधं भिंग एवढं पुरतं.

पानं, कुंडीची कड किंवा फरशी चिकट झाली असेल तर

झाडाच्या रसात साखर भरपूर, पण प्रथिनांसाठी लागणारे घटक कमी. ते पुरेसे मिळावेत म्हणून कीड खूप रस पिते आणि जास्तीची साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकते. त्यावर पुढे काळी बुरशी धरते. मुंग्याही याच साखरेसाठी येतात, झाड खायला नाही. त्यामुळे कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांची पावडर टाकण्याआधी वरचे शेंडे तपासा.

कोवळ्या शेंड्यावर हिरवे, काळे किंवा पिवळसर मऊ किडे दाटीने बसलेले दिसले तर तो मावा. भिंगातून त्याच्या पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसतात. माद्या नराशिवायच पिल्लं देतात, म्हणून तो बघता बघता वाढतो. बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. झाड हलवल्यावर बारीक पांढरे किडे भुर्रकन उडाले तर पांढरी माशी.

फसवते ती खवले कीड. खोडावरचे तपकिरी फुगवटे झाडाचाच भाग वाटतात, कारण ते हलतच नाहीत. नखाने खरवडा: फुगवटा अलगद सुटून आला तर ती कीड समजा. मात्र कठीण कवचाच्या खवले किडीमुळे चिकटपणा येत नाही, तेव्हा पान कोरडं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पान कोरडं, पण फिकट ठिपके पडलेत?

मग लाल कोळी किंवा फुलकिडे. फुलकिड्यांमुळे पानावर चंदेरी चट्टे आणि त्यांत विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. कोळ्यामुळे सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके पडतात आणि पुढे जाळी धरते. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर कोळी. तो कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. कीटकांसाठीची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. कोरड्या, उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो.

मातीवर घोटाळणाऱ्या बारीक काळ्या माश्या या यादीत नाहीत. त्या पानांचा रस पीत नाहीत. माती सतत ओली राहते एवढंच त्या सांगतात. पाणी कमी करा.

ओळख पटल्यावर

कुंडी लगेच इतर झाडांपासून दूर ठेवा. मावा आणि कोळी पाण्याच्या जोरदार धारेने बरेचसे निघून जातात. पिठ्या ढेकूण अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. कडुनिंबाचं तेल किंवा कीटकनाशक साबण वापरायचा असेल तर आधी एका पानावर करून पाहा, उन्हात फवारू नका आणि पानाची मागची बाजू सोडू नका. अंडी बहुधा वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारणी लागते.

ओळख पटत नसेल तर फोटो पाठवा: एक पूर्ण झाडाचा, एक पानाच्या मागच्या बाजूचा अगदी जवळून. कीड लागलेली कुंडी दुकानात आणू नका. फांदी आणायचीच असेल तर बंद पिशवीतून आणा.