एकाच टेकचा सिनेमा: कट नाही, मग दुरुस्ती लपवायची कुठे?

नेहमीच्या सिनेमात कट बऱ्याच गोष्टी पोटात घालतो. रंग जरा बदलला, कूलरची घरघर मध्येच थांबली, तरी शॉट बदलल्यामुळे ते खपून जातं. एकाच टेकच्या, म्हणजे कॅमेरा मधे न थांबवता सलग घेतलेल्या सिनेमात शूटिंगनंतरची दुरुस्ती सुरू होते पडद्यावर आणि संपतेही पडद्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खरी मेहनत या दोन टोकांवर असते.

समजा, नागपुरात उन्हं उतरताना बर्डीच्या रस्त्यावर कॅमेरा सुरू झाला, एका कापडाच्या दुकानात शिरला आणि दिवेलागणीला पुन्हा रस्त्यावर येऊन थांबला. दीड तास, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,२९,६०० फ्रेमचा एकच शॉट.

पहिली अडचण घड्याळाची. कॅमेरा आणि साउंड रेकॉर्डर आपापल्या स्फटिकावर, म्हणजे आतल्या घड्याळावर चालतात. त्यांच्या वेगात दहा लाखांत फक्त १० भागांचा फरक असला, तरी दीड तासात ५४ मिलिसेकंदांची तफावत पडते. एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची, म्हणजे शेवटच्या संवादात ओठ आणि आवाज यांची फारकत होते. दोन मिनिटांच्या शॉटमध्ये हाच फरक जेमतेम सव्वा मिलिसेकंद असतो, तो कुणाला कळतही नाही. म्हणून क्लॅप, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला वाजवायची पाटी, सुरुवातीला द्यायचा तसा शेवटीही द्यायचा. तफावत मोजून आवाजाचा अख्खा ट्रॅक तेवढाच ताणायचा किंवा आवळायचा. मधे तुकडे करून सरकवला, तर प्रत्येक सांधा कानाला खटकतो.

दुकानाच्या दारात रंगाची कसोटी लागते. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात: दिवसाचा उजेड साधारण ५६०० चा धरतात, आतले पिवळे बल्ब २७०० ते ३२०० च्या आसपास. रंग बदलायला जागा हवी असते. एखाद्या पात्राची पाठ फ्रेम व्यापते किंवा टांगलेलं कापड समोरून जातं, तो क्षण पकडायचा. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याचं अॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) तिथेच उघडलं असेल, तर आपला बदल त्याच्या आधी किंवा नंतर घ्यावा. दोन्ही एकदम आले की चित्र श्वास घेतल्यासारखं उजळतं आणि मावळतं.

आत जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर आणखी एक त्रास. वीज ५० हर्ट्झची, म्हणून प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० सेकंद उघडं राहत असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये नेमकी २ आवर्तनं मावतात. १/४८ असेल तर दोनाहून किंचित जास्त, आणि चित्र सेकंदाला ४ वेळा धडधडतं. लुकलुक घालवणारं सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमचा उजेड ताडून पाहतं. कॅमेरा पांढऱ्या थानावरून गडद साडीवर वळला की तो खरा बदलही ते दोषच समजतं. त्यामुळे ते सगळ्या शॉटवर चालवू नये, दुकानापुरतं आणि मास्क लावूनच, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग निवडून चालवावं.

दुकानातल्या आरशात कॅमेरामनचं कोपर ६ सेकंद दिसलं, तर १४४ फ्रेम साफ कराव्या लागतात. एका स्वच्छ फ्रेमचं ठिगळ ट्रॅक करून, म्हणजे चित्राच्या हालचालीमागोमाग हलवत, बाकीच्यांवर बसवतात. पण आरशात मागचा रस्ताही हलत असतो, तेव्हा ठिगळातही रहदारी हलायला हवी. त्यावर मूळ चित्रासारखा ग्रेन (बारीक कणांचा पोत) चढवायचा, नाहीतर तेवढाच भाग इस्त्री केल्यासारखा दिसतो.

आणि कूलर! नागपूरच्या उन्हाळ्यात तो प्रत्येक खोलीत असतो आणि पात्र चालू लागलं की कूलरचा आवाज बदलतो. त्यामुळे घरघरीचा एकच नमुना पूर्ण शॉटला पुरत नाही. जोर लावून पुसली तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. थोडी घरघर राहू द्यावी आणि प्रत्येक खोलीचा मिनिटभर रेकॉर्ड केलेला मोकळा, संवादाविना आवाज खाली अखंड पसरावा. एका खोलीतून दुसरीत जाताना या दोन आवाजांचा क्रॉसफेड, म्हणजे एक विरत दुसरा चढणं, पावलांच्या वेगाने व्हावा.

काम वाटून देण्यासाठी या एका शॉटचे तुकडे पाडावेच लागतात. प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडे १२ जादा फ्रेम ठेवाव्या. स्थिरीकरण, म्हणजे चित्राची थरथर काढणं, मात्र सलग एकदाच करावं, क्रॉप (कडेची काटछाट) शेवटपर्यंत तोच ठेवून. तुकड्यातुकड्याने केलं तर सांध्यावर चौकट उडी मारते. परत आलेले तुकडे मूळ चित्रावर ठेवून डिफरन्स मोडमध्ये पाहावेत; त्यात दोन चित्रांतला फरक तेवढाच दिसतो. जादा फ्रेमवर निखळ काळं दिसलं तर सांधा जुळला. करड्या कडा दिसल्या तर तुकडा परत पाठवावा.