रिकर्व्ह की कंपाउंड: तिरंदाजीच्या या वादामागचा इतिहास

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याला जागा मिळाली, पण फक्त मिक्स टीमपुरती (एक मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी), आणि तेव्हापासून आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ज्यांची पोरं तिरंदाजी करतात त्या घरांत एकच विषय चालू आहे, पोराला रिकर्व्ह (चाकं नसलेला, टोकं पुढं वळलेला बो) घेऊन द्यायचा की कंपाउंड. हा निर्णय एका दिवसात झालेला नाही, मागं पन्नास-साठ वर्षांची ओढाताण आहे.

अर्जुन-एकलव्य सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडून देऊ. आपल्या भागातला जुना पुरावा बघायचा तर गावच्या देवळासमोर उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड बघा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि खालच्या त्या लढाईत कितीतरी ठिकाणी दोरी कानापर्यंत ओढलेला धनुर्धारी दिसतो. शेंदूर-तेलाचे थर बसलेत म्हणून नीट लक्ष देऊन बघावं लागतं एवढंच. पुढं आदिलशाहीच्या काळात दख्खनेत शिंग, स्नायू आणि लाकूड सरसानं चिकटवून केलेली आखूड, वाकडी धनुष्यं चालायची, घोड्यावरून मारायला सोयीची, आणि दोरी अंगठ्यात घातलेल्या कडीनं ओढायची. पावसाचा त्रास मात्र दोन्हीकडं होता, ओल्या हवेत या धनुष्याचा सरस सुटायचा आणि बंदूकवाल्याची जामगी (पेटती वात) विझायची, म्हणून बंदूक आली म्हणजे धनुष्य लगेच गेलं असं काही झालं नाही, बराच काळ दोन्ही सोबत चालली. मग फौजेतून गेलं, शिकारीत राहिलं, खंडेनवमीच्या पूजेत राहिलं.

खेळ म्हणून गोष्ट वेगळी. ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी १९०० साली आली, १९०४, १९०८, १९२० ला झाली आणि मग थेट १९७२ पर्यंत गायब. कारण साधं होतं, प्रत्येक देशाचे नियम वेगळे, अंतर वेगळं, टार्गेट वेगळं. १९२० ला तर बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्स एवढेच तीन देश उतरले होते. १९३१ ला जागतिक संघटना झाली, नियम एक व्हायला लागले, तरी परत यायला म्युनिक उजाडलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला कंपाउंड आला. १९६६ ला अमेरिकेत मिझुरीतल्या एका शिकारी माणसानं धनुष्याच्या टोकांना चाकं लावून पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ ला ते मिळालं. त्याची करामत अशी की दोरी ओढताना मध्ये पूर्ण जोर लागतो पण पूर्ण ओढल्यावर चाक फिरून जोर एकदम उतरतो, म्हणजे ६० पौंडांचा बो असला तरी धरून ठेवताना हातावर पंधराच्या आसपासच पौंड राहतात. शिवाय टार्गेट मोठं दाखवणारी लेन्स चालते आणि दोरी बोटानं न सोडता रिलीजनं, म्हणजे हातातल्या खटक्यानं सोडतात. रिकर्व्हवाल्याला यातलं काहीच नाही, त्याला सगळा जोर बोटांवर पेलायचा असतो आणि बाणाचं टोक क्लिकरच्या (धनुष्यावरच्या छोट्या पट्टीच्या) खालून मागं सरकून टक् असा आवाज झाला की त्याच क्षणी सोडायचं असतं. तो शेवटचा एक-दोन मिलिमीटर ओढताना खांदा भरून येतो, पण तिथं घाई केली की बाण गेलाच समजा.

कंपाउंडला विरोध करणारे म्हणत आले की हे यंत्र आहे, यात माणूस कमी आणि चाक जास्त. मला हे अजिबात पटत नाही. शिंग-स्नायूचं धनुष्य त्या काळचं यंत्रच होतं की, आणि आजचा रिकर्व्ह तरी कुठं साधा आहे, कार्बनच्या पात्या, पुढं तोल सांभाळणारा लांब स्टॅबिलायझर, नेम धरायची साइट, क्लिकर. कुठली सोय चालेल आणि कुठली नाही ही रेघ माणसांनी बैठकीत बसून मारलेली आहे. दुसरं कारण जास्त खरं आहे, ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची संख्या ठरलेली असते, नवीन प्रकार घ्यायचा तर कुणाची तरी जागा कापावी लागते. पण मग १९९५ पासून कंपाउंडची जागतिक स्पर्धा आहे, २०१४ पासून एशियाडमध्ये आहे, पॅरालिंपिकमध्ये तर पदकं दिली जातात, २०२४ ला पॅरिसमध्ये हात नसलेल्या आपल्या १७ वर्षांच्या मुलीनं पायानं बो धरून मिक्स टीममध्ये ब्राँझ आणलं तेही कंपाउंडवरच, आणि त्याच पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मात्र कंपाउंडला दार बंद. हे कसं समजून घ्यायचं?

आपल्याकडं हे जास्त लागतं कारण आपली ताकदच कंपाउंडमध्ये आहे. देशात राष्ट्रीय संघटना १९७३ ला झाली, ऑलिंपिकला आपले तिरंदाज पहिल्यांदा १९८८ ला सोलला गेले, आणि आजपर्यंत रिकर्व्हमध्ये ऑलिंपिक पदक नाही, पॅरिसला मिक्स टीम चौथी आली तेच सगळ्यात जवळचं. मध्ये संघटनेतल्या भांडणानं २०१९ ला जागतिक संघटनेनं आपल्याला निलंबित केलं आणि त्या नोव्हेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत पोरांना तिरंग्याशिवाय खेळावं लागलं, हा राग अजून जात नाही. याउलट कंपाउंडमध्ये २०२३ च्या ऑगस्टात बर्लिनला महिला संघानं जागतिक सुवर्ण घेतलं, मग साताऱ्याकडची १७ वर्षांची पोरगी १४९-१४७ नं जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा पोरगा १५ पैकी १५ बाण दहा गुणांच्या गोलात घालून १५०-१४९ नं जिंकला. दोघंही साताऱ्यात शिकलेले. लगेच हांगझोऊ एशियाडमध्ये कंपाउंडची पाचही सुवर्णं आपली.

सातारा आम्हाला काय लांब नाही, हायवे धरला की कोल्हापूर, कराड, सातारा. त्यामुळं आमच्या इथल्या आई-बापांना ती बातमी स्वतःच्या घरातली वाटली, भाषा एक, ऊस एक. फक्त आमची पोरं नॅशनलला कर्नाटकाकडून खेळतात आणि ट्रेनिंगसाठी नजर घाटापलीकडं असते, ही सीमाभागाची जुनी अडचण इथंही आहेच.

सुरुवात बहुतेकांची इंडियन राऊंडनंच होते, बांबूचा किंवा लाकडाचा बो, ना साइट ना काही, काही हजारांत काम भागतं. मला विचाराल तर तिरंदाजीची खरी गोडी तिथंच लागते कारण चुकलं तर दोष द्यायला दुसरं काही नसतं. खरा प्रश्न पुढं येतो, कारण रिकर्व्ह काय कंपाउंड काय, चांगलं पूर्ण सामान लाखाच्या वर जातं आणि दोन्ही घेऊन बघू म्हणायची ऐपत शेतकऱ्याच्या घरात नसते. रिकर्व्ह घेतला तर ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचं टार्गेट, त्यातला दहाचा गोल १२.२ सेंटिमीटरचा, जुलैतल्या आपल्या वाऱ्यात ते काय होतं ते मैदानावर येऊन बघावं, पण वैयक्तिक, टीम, मिक्स अशा सगळ्या ऑलिंपिक वाटा उघड्या. कंपाउंड घेतला तर ५० मीटर, दहाचा गोल ८ सेंटिमीटर, एक नऊ पडला तरी मॅच हातची जाऊ शकते कारण तिथं रिकर्व्हसारखे सेट (थोड्या बाणांच्या फेऱ्या, प्रत्येकीचा निकाल वेगळा) नाहीत, सगळे गुण बेरजेत धरतात. आणि एवढं करून २०२८ ला वैयक्तिक प्रकार नाहीच, म्हणजे बर्लिनला दोघांनी जे वैयक्तिक सुवर्ण घेतलं त्याला ऑलिंपिकमध्ये जागाच नाही, मिक्स टीम म्हणून अख्ख्या देशातून एक मुलगा आणि एक मुलगी एवढेच उतरणार.