काया सारियाहो की आना थोरवाल्ड्सडोत्तिर: कान कुठे लावायचा?

नॉर्डिक देशांतलं आजचं वाद्यवृंद संगीत ऐकायला घेतलं की ही दोन नावं हमखास शेजारी शेजारी येतात. काया सारियाहो (१९५२–२०२३) फिनलंडच्या, आना थोरवाल्ड्सडोत्तिर आइसलंडच्या, जन्म १९७७चा. दोघींच्या संगीतात गुणगुणता येईल अशी चाल क्वचित सापडते, पाय ठेका धरत नाही, आणि सगळा वाद्यवृंद मिळून एकच मोठा ध्वनी उभा करतो, जो हळूहळू रंग बदलत राहतो. मग आपण दोघींना एकाच खणात टाकतो: उत्तरेकडचं, गारठलेलं, धूसर संगीत. हा खण चुकीचा आहे असं मला ठामपणे वाटतं. एकीला ऐकायची सवय घेऊन दुसरीकडे गेलं, तर जे ऐकण्यासारखं आहे नेमकं तेच निसटतं.

आधी सारियाहो. हेलसिंकीत सिबेलियस अकादमीत शिकताना त्या 'कोर्वात आउकी' (कान उघडे ठेवा) या १९७७ साली सुरू झालेल्या तरुण संगीतकारांच्या मंडळात होत्या. माग्नुस लिंडबेर्ग आणि एसा-पेक्का सालोनेन हे तिथले त्यांचे सोबती. पुढे जर्मनीत फ्रायबुर्गला शिक्षण झालं आणि १९८२ साली त्या पॅरिसमधल्या इर्काम या संशोधन संस्थेत आल्या. त्यानंतर पॅरिसच त्यांचं घर झालं. इर्काममध्ये संगणकाच्या मदतीने एखादा स्वर उलगडून त्याच्या पोटात कोणकोणते उपस्वर आहेत, ते कधी उमटतात आणि कधी विरतात, हे पाहता येत असे.

तिथेच त्यांच्या संगीताची किल्ली घडली. पाश्चात्त्य संगीतात शतकानुशतकं ताण निर्माण व्हायचा तो विसंवादी स्वरमेळातून, आणि सुटायचा संवादी मेळात. सारियाहोंनी हे काम ध्वनीच्या पोताकडे सोपवलं. एका टोकाला स्वच्छ, गोल स्वर, दुसऱ्या टोकाला गोंगाट. चेलोवर गज हलका फिरतोय तोवर स्वर नितळ असतो. तोच गज घोडीजवळ नेला किंवा तारेवर दाबला, की स्वर खरखरीत होतो, त्याला कण फुटतात. बासरीचा सूर फुंकरीत विरघळतो. खरखर वाढली की ताण वाढतो, स्वर निवळला की मोकळं वाटतं. १९८७च्या एका लेखात त्यांनी हा विचार स्वतः मांडला आहे. तो एकदा कळला, की त्यांच्या संगीतात 'काहीच घडत नाही' ही तक्रार उरत नाही, कारण खूप काही घडत असतं, फक्त ते पोतात घडतं.

याचा उत्तम नमुना म्हणजे 'दु क्रिस्ताल' (१९८९) आणि '...आ ला फ्युमे' (१९९०) ही जोडी. स्फटिकापासून धुरापर्यंत, असा दोन्ही नावं जोडून अर्थ होतो. पहिली रचना एकट्या चेलोच्या थरथरत्या स्वरावर संपते, आणि त्याच थरथरीतून दुसरी सुरू होते. दुसरीत आल्टो बासरी आणि चेलो हे दोन एकल वादक आहेत. मोठ्या वाद्यवृंदातही सारियाहोंना असा एकटा आवाज हवासा वाटतो. 'ओरायन'च्या (२००२) मधल्या भागात सगळा डोलारा ओसरतो आणि पिकोलो ही चिमुकली बासरी एकटीच बोलू लागते.

आता आना. आइसलंडमध्ये माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. त्या स्वतः चेलो शिकलेल्या. पुढचं शिक्षण कॅलिफोर्नियात सान दिएगोला झालं. त्यांच्या संगीतात कान लावायचा तो तळाशी. 'मेटाकॉसमॉस' (२०१७) सुरू होतं ते इतक्या खोल खर्जात, की वाद्य कोणतं हे चटकन ओळखू येत नाही. त्या खर्जावर एकेक थर चढत जातो. खरखर, कुजबुज इथेही आहे, पण तिची भूमिका वेगळी. सारियाहोंकडे स्वर स्वतःच बदलून गोंगाट होतो. आनाकडे स्वर टिकून राहतो आणि गोंगाट त्याच्या आजूबाजूने वाहतो. लांब धरलेला स्वर कसा वाजवायचा, याची सूचना त्या स्वरलिपीतच देतात: नाजूक फूल ओंजळीत घेऊन बारीक दोरीवरून चालत असल्यासारखा तो जपून न्या. वादकाला दिलेली ही सूचना श्रोत्यालाही लागू पडते.

तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे दोन्ही जमण्यासारखं आहे. खर्जाच्या तारेतून जवारीमुळे उमटणारा गंधार शोधत बसणं, हे सारियाहोंना ऐकणं. बाकी काहीही चालू असलं तरी षड्जाचा धागा न सोडणं, हे आनाला ऐकणं.

आणखी एक फरक शेवटांकडे जाताना कळतो. आना संयमाने, उशिरा, पण सरळसरळ गाणं येऊ देतात. 'एअरिअ‍ॅलिटी'त (२०११) तंतुवाद्यं पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या फटीतले स्वरही वाजवत एक प्रचंड लाट उभी करतात. ती फुटते, हवा स्वच्छ होते, क्षणभर आर्त सुरावट उमटते आणि ऐन भरात विरून जाते. 'मेटाकॉसमॉस'च्या शेवटाकडेही अशीच सुरावट भेटते. सारियाहोंची 'फेर्ब्लेंडुंगेन' (१९८४) ही वाद्यवृंद आणि ध्वनिफितीसाठीची रचना तर उलट्याच वाटेने जाते: कळस अगदी सुरुवातीला, आणि पुढचा सगळा प्रवास उताराचा.

निसर्गचित्रांचा मोह मात्र दोघींच्या बाबतीत टाळावा. सारियाहोंनी आर्क्टिक आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशावरून एका रचनेला 'लिख्तबोगेन' नाव दिलं, हे खरं. पण त्यांच्या 'सर्कल मॅप'मध्ये (२०१२) रूमीच्या फारसी ओळींचं वाचन वाद्यवृंदाच्या आवाजात मिसळतं, तिथे हिमनदी शोधून काय मिळणार? आना तर स्पष्टच सांगतात, की प्रेरणा कुठूनही आली तरी संगीतातून तिचं वर्णन करण्याचा त्यांचा हेतू नसतो. डोळ्यांसमोर ज्वालामुखी आणून ऐकलं की संगीत पार्श्वसंगीत होऊन बसतं, आणि हे संगीत त्याहून फार मोठं आहे.

सुरुवातीसाठी सारियाहोंचं 'सिएल दिव्हेर' (२०१३) घ्यावं. 'ओरायन'चा तोच मधला भाग त्यांनी लहान वाद्यवृंदासाठी पुन्हा बांधला आहे, साधारण दहा मिनिटांचा. त्यानंतर थोडी शांतता राखून आनाचं 'एअरिअ‍ॅलिटी'. ऐकायला चांगले हेडफोन हवेत. मोबाइलच्या स्पीकरवर आनाचा खर्ज ऐकूच येत नाही, आणि खर्जाशिवाय त्या संगीताला पाया राहत नाही. 'मेटाकॉसमॉस' ऐकताना हेही लक्षात असू द्या, की न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकने ते २०१८ साली पहिल्यांदा वाजवलं तेव्हा संचालन एसा-पेक्का सालोनेन करत होते, हेलसिंकीच्या त्या मंडळातले सारियाहोंचे सोबती. या दोन संगीतांत गोंधळ होऊ न देता दोन्हींवर मनापासून प्रेम करता येतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.