फिरत्या चाकातून येणारा निरोप

नाशिकच्या आडगावच्या ट्रक टर्मिनलवर मुक्काम करून निघणाऱ्या गाड्यांचे क्लीनर सकाळी टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकत फिरतात. आवाज टणक आला तर हवा ठीक, बद्द आला तर कमी. जोडचाकातलं आतलं चाक बसलेलं असलं तरी बाहेरचं ओझं पेलतं, त्यामुळे ते नुसत्या नजरेला कळत नाही, ठोक्याला कळतं. पण ही परीक्षा उभ्या गाडीची. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढलेली कार ताशी १२० किलोमीटरने पळत असताना चाकात काय चाललंय, ते कसं कळणार?

कळायला तर हवंच. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. वाकण्यात गेलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही; थोडी उष्णता होऊन आतच राहते. ३० सेंटिमीटर त्रिज्येचं चाक या वेगाला सेकंदाला १७-१८ फेरे घेतं. उष्णता साठत जाते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फुटतो.

फिरत्या चाकाला वायर जोडली तर ती पीळ पडून तुटेल. म्हणून मोजणारं यंत्रच चाकात बसवतात आणि ते रेडिओवरून आकडा कळवतं. याला टीपीएमएस (टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम) म्हणतात. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती. अमेरिकेत फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला आणि पुढे सगळ्या नव्या कारना ही सोय सक्तीची झाली.

रिमच्या आतल्या बाजूला, व्हॉल्व्हच्या बुंध्याशी ३० ग्रॅमच्या आसपास वजनाची एक डबी असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला टायरमधली हवा, दुसऱ्या बाजूला कायमची बंद केलेली निर्वात पोकळी. हवेच्या दाबाने पडदा वाकतो, त्यावरच्या रोधांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब काढता येतो. मोजणं नाजूक, आणि जागा मात्र भयंकर. डबी चाकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर १२० च्या वेगाला तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीचशे पट जोर येतो. म्हणजे ३० ग्रॅमची वस्तू साडेसात किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते.

त्यात लिथियमची छोटी बॅटरी, आणि तिने काही वर्षं टिकायचं. म्हणून गाडी उभी असताना डबी जवळजवळ झोपलेली असते. चाक फिरू लागलं की तिच्यातला त्वरणमापक तिला जागं करतो. मग ती साधारण मिनिटाला एकदा निरोप पाठवते. दाब एकाएकी घसरला तर लगेच. आपल्याकडे हा निरोप ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो. चाकाच्या काही कोनांत रिम आणि टायरमधल्या पोलादी तारा लहरींच्या आड येतात, म्हणून तोच निरोप लागोपाठ काही वेळा पाठवला जातो.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो पुढचा भाग. निरोपात डबीचा स्वतःचा क्रमांक असतो, पण हा क्रमांक पुढच्या डाव्या चाकाचा की मागच्या उजव्या, हे गाडीला कसं कळतं? डबी वर असताना आणि खाली असताना गुरुत्वाकर्षणाची दिशा तिच्या दृष्टीने उलटी होते. अडीचशे पटींच्या जोरात हा एक-दोन पटींचा चढउतार त्वरणमापकाला दिसतो. त्यावरून काही यंत्रणांमधली डबी चाकाच्या ठरावीक कोनातच निरोप पाठवते. त्या क्षणी गाडी एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चारही चाकांवरच्या दातेरी कड्यांची स्थिती नोंदवते. वळणांवर चारही चाकं सारखी फिरत नाहीत, म्हणून थोड्या वेळात एकाच चाकाचा कोन प्रत्येक निरोपाशी जुळत राहतो. ते चाक तिचं!

पडद्यामागे निर्वात असल्यामुळे डबी एकूण दाब मोजते. पेट्रोल पंपावरचा गेज मात्र बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढंच दाखवतो. मुंबईहून कसारा घाट चढून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकला आलं की बाहेरच्या हवेचा दाब जवळपास एक पीएसआयने उतरतो. टायरचं तापमान तेच राहिलं, तर गेजवर तेवढा आकडा वाढतो आणि डबीला काहीच फरक दिसत नाही.

तापमानाचा परिणाम याहून मोठा. मे महिन्यात ३५ अंशांना गार टायरमध्ये ३३ पीएसआय भरलं आणि डिसेंबरात निफाडच्या बाजूला पहाटे १० अंश झाले, तर एक थेंबही हवा न गळता आकडा २९ च्या आसपास येतो. उलट पळून तापलेल्या टायरचा आकडा वाढतो आणि लोक हवा सोडतात. हे फार धोक्याचं आहे: गार झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो. कारवर लिहिलेला दाब गार टायरचा असतो, म्हणून मोजायची वेळ सकाळची, गाडी हलवण्याआधीची. हवा कमी झाल्यावर डॅशबोर्डवर लागणाऱ्या इशाऱ्याच्या दिव्याच्या भरवशावरही राहू नये. अमेरिकेच्या नियमात इशाऱ्याची मर्यादा २५ टक्के घटीची आहे, म्हणजे ३३ चे २५ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो.

पंक्चरच्या दुकानात मात्र टायर उतरवण्याआधीच सांगा की आत सेन्सर आहे. व्हॉल्व्हजवळ पान्हा घातला तर डबी फुटू शकते. पंक्चर बुजवायला ओततात त्यातली काही द्रव्यं तिचं बारीक छिद्र बुजवू शकतात. आणि बॅटरी आतच बंदिस्त असल्यामुळे ती संपली की बहुतेक वेळा पूर्ण डबीच बदलावी लागते.