आरएनजीडी आणि हॅवेजडी: रास्पबेरी पायवर दोन्ही कशाला टाकताय?

रास्पबेरी पायवर (एका बोर्डावरचा छोटा लिनक्स कॉम्प्युटर) कुठेतरी "एंट्रॉपी कमी आहे" असं दिसलं (एंट्रॉपी म्हणजे अंदाज न येणाऱ्या रँडम बिट्सचा साठा) की लोक आरएनजी-टूल्स (आरएनजीडी यातच येतो) नाहीतर हॅवेजडी टाकून मोकळे होतात, आणि बरेच जण तर दोन्ही टाकतात, असू दे म्हणून. फोंड्याकडे ओळखीतल्या एकांच्या कुळागरात पंप आणि मातीच्या ओलाव्याचे सेन्सर पायवर चालतात, तिथेही दोन्ही चालू होते आणि कोण कशासाठी आहे ते लावणाऱ्यालाच सांगता येईना. म्हणून हे लिहितोय.

दोघांचं काम शेवटी एकाच ठिकाणी जातं, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) रँडम पूलमध्ये बिट्स भरायचे. फरक आहे तो बिट्स आणतात कुठून यात.

आरएनजीडी (आरएनजी-टूल्समधला डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम) स्वतः काहीच तयार करत नाही. पायच्या ब्रॉडकॉम चिपमध्ये रँडम बिट्स देणारं वेगळं सर्किटच आहे, ड्रायव्हर लोड झाला की ते डेव्ह फोल्डरमध्ये एचडब्ल्यूआरएनजी नावाने दिसतं, जुन्या पायवर ड्रायव्हर बीसीएम२८३५-आरएनजी आणि पाय ४ वर आयप्रॉक-आरएनजी२००. आरएनजीडी तिथून वाचतो, २०,००० बिट्सचा एकेक ब्लॉक घेऊन त्याला एफआयपीएस १४०-२ या अमेरिकन सरकारी स्टँडर्डमधल्या टेस्ट लावतो आणि पास झालेला ब्लॉकच पुढे देतो. तुम्ही आरएनजीटेस्ट चालवून हजार ब्लॉक तपासले आणि त्यात एखाददुसरा फेल निघाला तर घाबरू नका, चांगल्या सोर्सचेही तेवढे फेल होतातच. शेकड्याने फेल व्हायला लागले तर मात्र बघायला हवं.

हॅवेजडीला असं सर्किट लागत नाही. तोच तोच कोड परत परत चालवला तरी प्रोसेसरच्या आतल्या कॅशे, ब्रँच प्रेडिक्शन वगैरेमुळे दर वेळी वेळ थोडा कमीजास्त लागतो, तो फरक मोजून हा बिट्स काढतो. ज्या मशीनला हार्डवेअर सोर्सच नाही, उदाहरणार्थ भाड्याचे व्हर्च्युअल सर्व्हर, तिथे याचा खरंच उपयोग झाला. पण पहिल्या पायसारख्या साध्या प्रोसेसरवर तो फरक किती अनपेक्षित असेल याची मला खात्री वाटत नाही, आणि शेजारी खास त्याच कामाचं सर्किट असताना त्याला बाजूला ठेवून हे कशाला वापरायचं?

आता हा सगळा प्रश्न मुळात बूटच्या वेळेचा आहे. आपल्याकडे जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की लाईट जाते येते, पाय दर वेळी नव्याने उठतो, कीबोर्ड नाही, माऊस नाही, हार्डडिस्क नाही, पाय ४ पर्यंत तर आपलं घड्याळसुद्धा नाही. म्हणजे कर्नलला अनपेक्षित असं काही मिळतच नाही, आणि नेमक्या याच वेळी पहिल्या बूटला एसएसएचच्या (लांबून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीच्या) की, म्हणजे गुप्त किल्ल्या, तयार होतात. २०१२ मध्ये संशोधकांनी अख्खं इंटरनेट स्कॅन केलं तेव्हा वेगवेगळ्या राऊटर आणि छोट्या डिव्हाइसच्या आरएसए कीमध्ये (ही की दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर बेतलेली असते) एकच मूळ संख्या सापडली होती, आणि दोन कीमध्ये एक मूळ संख्या समान असली की दोन्ही प्रायव्हेट की सरळ गणिताने काढता येतात. म्हणून हा विषय किरकोळ समजू नका.

नवीन कर्नलवर चित्र बरंच बदललंय. ५.४ पासून बूटला कोणी रँडमसाठी अडून बसलं तर कर्नल स्वतःच टायमिंगमधून एंट्रॉपी काढायचा प्रयत्न करतो, म्हणजे हॅवेजडीचंच काम. २०२० च्या ५.६ पासून एकदा पूल तयार झाला की डेव्ह-रँडम (प्रोग्रामना रँडम बिट्स देणारी फाईल) अडत नाही. आणि एंट्रॉपी-अव्हेल (किती एंट्रॉपी शिल्लक आहे ते दाखवणारा कर्नलचा आकडा) आता २५६ वरच दिसतं, पूर्वी हजारांत दिसायचं म्हणून लोक काहीतरी बिघडलं समजतात, पण २५६ म्हणजे पूल भरलेला आहे. एंट्रॉपी वापरून संपते ही समजूत सोडा, ते विरजणासारखं आहे, चमचाभर चांगलं लागलं की पुढे हवं तेवढं दही लावता येतं, काळजी फक्त पहिल्या चमच्याची.

मग करायचं काय, तर सिस फोल्डरमध्ये क्लास, मिस्क, एचडब्ल्यू-रँडम असं आत जाऊन आरएनजी-करंट फाईल वाचा. ड्रायव्हरचं नाव दिसलं तर हार्डवेअर चालू आहे, हॅवेजडी काढून टाका. जुना कर्नल असेल तर आरएनजीडी ठेवा, नवीन असेल तर असला नसला तरी बिघडत नाही. मॉड्युल्स फाईलमध्ये बीसीएम२७०८-आरएनजी लिहा असं कुठे वाचलं तर ते फार जुनं आहे, आता ड्रायव्हर आपोआप येतो. सेन्सरकडे ईएसपी३२ (वायफायवाली छोटी चिप) असेल तर तिथे मात्र वेगळं लक्षात ठेवा, त्याचं हार्डवेअर रँडम वायफाय किंवा ब्लूटूथ चालू असतानाच खरं रँडम धरायचं.

त्या कुळागरात खरी अडचण निघाली ती यापेक्षा वेगळीच. एक एसडी कार्ड तयार करून त्याच्याच कॉप्या बाकीच्या पायमध्ये घातलेल्या, त्यामुळे सगळ्यांच्या एसएसएच होस्ट की हुबेहूब एक. तिथे ना आरएनजीडी कामाचा ना हॅवेजडी, कारण त्या होस्ट की आधीच तयार होऊन कार्डावर बसलेल्या. प्रत्येक पायवर एटीसी-एसएसएच फोल्डरमधल्या होस्ट की डिलीट करून ओपनएसएसएच-सर्व्हर रीकॉन्फिगर करावा लागला, आणि नंतर लॅपटॉपवरून जोडताना की बदलल्याची वॉर्निंग येते, तेव्हा लॅपटॉपवरच्या नोन-होस्ट्स फाईलमधली जुनी नोंद काढायची.