एचआयव्ही चाचणीची गोपनीयता (भारत)

एचआयव्हीची चाचणी, तिचा निकाल आणि पुढील उपचार यांची माहिती संबंधित व्यक्तीच्या संमतीवाचून कोणाला कळू न देण्याचे बंधन. भारतात ते धोरणात आधी आले, कायद्यात बरेच उशिरा. त्यामागचा हिशेब व्यवहारी आहे : बभ्रा होईल या धास्तीने माणूस तपासणीलाच फिरकला नाही, तर संसर्ग रोखायचा कसा?

सुरुवात उलट्या टोकाने झाली. १९८६ मध्ये मद्रासमध्ये (आताचे चेन्नई) देशातले पहिले बाधित आढळले. गोव्याने तर आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना अलग ठेवण्याची तरतूदच केली. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमाने रक्तदान करी. त्या रक्ताच्या तपासणीत संसर्ग निघाला आणि १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेऊन म्हापशातील क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस डांबून ठेवले. गुपित राहायला जागाच उरली नाही. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायदा उचलून धरला.

त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये, निव्वळ बाधित म्हणून काम नाकारलेल्या मजुराच्या बाजूने निकाल दिला. त्याचे नाव कागदावर येऊ दिले नाही. खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ म्हणूनच ओळखला जातो. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे वेगळा पेच आला. रुग्णालयाकडून बातमी फुटून एकाचे लग्न मोडले होते. होणाऱ्या वधूच्या जिवाला धोका होता, तेव्हा रुग्णालय दोषी नाही, असे न्यायालयाने ठरवले.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. चाचणीपूर्वी समजावून घेतलेली संमती लागते. माहिती उघड करायची तर सहसा लेखी संमती हवी. न्यायालयाचा आदेश किंवा उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला सांगणे असे मोजके अपवाद आहेत. जोडीदाराचा प्रश्न सर्वांत नाजूक. आधी रुग्णालाच सांगायला प्रवृत्त करायचे. तो सांगणार नाही अशी खात्री पटली, तर त्याला पूर्वकल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष सांगू शकतो. मारहाणीचा किंवा घराबाहेर काढले जाण्याचा धोका असलेल्या स्त्रीवर मात्र सांगण्याची सक्ती नाही. ही सवलत नसती तर कायदा पुरुषांपुरताच उरला असता.

सरकारी आयसीटीसी केंद्रात (एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र) समुपदेशन बंद दाराआड होते आणि अहवाल बाधिताच्याच हाती दिला जातो. गोष्ट फुटते ती इतरत्र : खाटेला अडकवलेल्या केसपेपरवरची लाल शाईतली खूण, वॉर्डबॉयची कुजबुज, ‘एआरटी केंद्र’ (एचआयव्हीवरील औषधोपचाराचे केंद्र) अशी ठळक पाटी. त्या पाटीखालच्या बाकावर बसलेला माणूस ओळखीचे कोणी दिसताच पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो. २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळतात. तरी काही जण शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घालतात. गोळ्या फुकट, एसटीचे भाडे खिशातून.